फिकं खरबूज आणि ६.४ पोटॅशियम : एका एकादशीची केस

केस सांगते आधी, मग आकडे. नाव-गाव बदललेलं नाहीये, कारण दिलेलंच नाहीये, एवढं समजून घ्या की उजनीच्या बॅकवॉटरच्या पट्ट्यातलं घर आहे, जिथे फेब्रुवारी ते मे खरबूज आणि कलिंगड म्हणजे घरोघरी ढीग असतो.

पेशंट वय ६४, एसटीतून रिटायर झालेले, शुगर जुनी, बीपी जुनं, आणि गेल्या काही वर्षांत किडनी हळूहळू मागे पडत चाललेली. क्रिएटिनिन ३.४, त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा, १९ च्या आसपास, म्हणजे स्टेज चार, डायलिसिस अजून नाही पण डॉक्टरांनी विषय काढून ठेवलेला. गोळ्यांमध्ये टेल्मिसार्टन आहे, लघवीची गोळी आहे, रक्तवाढीची लोहाची गोळी आहे, इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ. आपण त्यांना काका म्हणू, मी त्यांना काकाच म्हणते.

तर चैत्र एकादशीच्या रात्री काकांना पाय जड वाटायला लागले. उपवास आहे, ऊन आहे, त्यामुळे घरात कुणी फार मनावर घेतलं नाही. द्वादशीला सकाळी पारणं सोडायला उठायचं तर ओट्यावरून उठताच येईना, गुडघ्यात ताकदच नाही, छातीत धडधड नाही, दुखणं नाही, फक्त ताकद नाही. घरच्यांना वाटलं शुगर डाऊन झाली असणार, ग्लुकोमीटर लावला तर १९२. मग मुलानं गाडीत घातलं. दवाखान्यात ईसीजी काढला त्यात टी वेव्ह उंच आणि टोकदार, रक्त पाठवलं, पोटॅशियम ६.४. नॉर्मल धरतात साधारण ३.५ ते ५. सॅम्पल घेताना रक्तपेशी फुटल्या तरी पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसतं म्हणून परत पाठवलं, दुसरं आलं ६.३. म्हणजे खरंच वाढलेलं होतं. कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून, इन्सुलिन आणि सोबत डेक्स्ट्रोज, नेब्युलायझर, आणि पोटातून पोटॅशियम बाहेर काढायची ती पांढरी पावडर. रात्रीपर्यंत ५.६ वर आलं, डायलिसिसची वेळ आली नाही.

मी आहारतज्ज्ञ, माझ्याकडे काका आले ते डिस्चार्ज झाल्यानंतर, सोबत काकू, मुलगा आणि सून. आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, की आम्ही तर गोड काहीच दिलं नाही मग झालं कसं?

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला कारण खरंच त्यांनी गोड काहीच दिलं नव्हतं. हे घर निष्काळजी नाहीये. उलट इतकं काळजी घेणारं घर मी कमी बघितलंय. साबुदाण्याची खिचडी काकांना बंद, कारण शुगर. आंबा बंद, चिकू बंद, केळं बंद, रताळं बंद. उपवासाला मग काय खायचं तर विचार करून करून त्यांनी ठरवलेलं ताट असं होतं: खरबूज, शहाळ्याचं पाणी, उकडलेल्या बटाट्याची भाजी थोडी, भाजलेले शेंगदाणे, ताक. आणि मीठ साधं नाही, बीपीसाठी मुद्दाम आणलेलं लो सोडियम मीठ. प्रत्येक गोष्टीमागे कारण आहे बघा. आणि शुगरच्या बाजूनं बघितलं तर ताट चांगलंच होतं, दुपारी खरबूज खाऊन दोन तासांनी त्यांनी मीटर लावला होता, १६८ आली होती, सगळे खूश.

आता खरबूज. हे घरचं खरबूज आहे, मुलगा स्वतः मल्चिंग पेपरवर ड्रिपवर लावतो. व्यापारी येतो तेव्हा हातात ते छोटं रिफ्रॅक्टोमीटर असतं, फळ कापतो, एक थेंब रस काचेवर टाकतो, उजेडाकडे धरून ब्रिक्स, म्हणजे रसातल्या गोडीचा आकडा, बघतो, तेरा-चौदा आलं तर गाडी भरायची, आठ-नऊ आलं तर तो प्लॉट तसाच मागे ठेवायला सांगतो नाहीतर भाव पाडतो. त्या वर्षी एका कोपऱ्यातला माल फिका निघाला होता. वेल करपला होता पान गेलं होतं म्हणून साखर भरली नाही, तो माल घरीच पडला. आणि काकांनी स्वतः म्हणलं, की मला तो फिक्यातलाच देत जा, त्यात साखर नाही. आठवडाभर रोज अर्धं खरबूज चालू होतं, एकादशीला अख्खं. सव्वा किलोचं. सकाळी अर्धं, दुपारी अर्धं.

या केसचं सगळं गणित इथे आहे, म्हणून जरा थांबते.

खरबुजात काय काय असतं ते बघू. नारिंगी गराचं खरबूज, शंभर ग्रॅम गर घेतला तर अमेरिकन शेती खात्याच्या तक्त्याप्रमाणे त्यात ९० ग्रॅम पाणीच असतं. कॅलरी ३४. प्रोटीन एक ग्रॅमपेक्षा कमी, फॅट नावाला. कार्बोहायड्रेट ८ ग्रॅमच्या जरा वर आणि त्यातली जवळपास सगळी साखरच, ७.८६ ग्रॅम. फायबर फक्त ०.९ ग्रॅम, म्हणजे "खरबूज खा पोट साफ होतं" हे जे म्हणतात त्यात पाण्याचा वाटा जास्त आणि फायबरचा कमी. व्हिटॅमिन सी ३६.७ मिलिग्रॅम, हे चांगलं आहे, दीडशे ग्रॅमची वाटी खाल्ली तर ५५ मिलिग्रॅम झालं, आपल्याकडे प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० सांगतात. बीटा कॅरोटीन २०२० मायक्रोग्रॅम, नारिंगी रंग त्याचाच, आणि हिरवट पांढऱ्या गराचं जे हनीड्यू असतं त्यात हेच कॅरोटीन फक्त ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे दोन्ही खरबुजंच पण या एका बाबतीत जमीन-अस्मानाचा फरक. सोडियम १६ मिलिग्रॅम. आणि पोटॅशियम २६७ मिलिग्रॅम.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात खरबुजाला शंभर ग्रॅमला फक्त १७ कॅलरी दिलेल्या आहेत, ३४ च्या निम्म्या. दोन्ही बरोबर असू शकतात, कारण पूर्वी नदीच्या वाळूत लावायचे ते खरबूज आणि आजचं ब्रिक्स मोजून विकलं जाणारं हायब्रिड खरबूज गोडीला सारखं नाही. त्यामुळे नेटवर कुणी दशांशापर्यंत आकडे देऊन भांडत असेल तर फार लक्ष देऊ नका, फळाफळात फरक पडतो. पण अंदाज कळायला हे आकडे पुरेसे आहेत.

२६७ म्हणजे जास्त की कमी? हे कळायला शेजारी दुसरी फळं ठेवावी लागतात. कलिंगड ११२. सफरचंद १०७. अननस १०९. आंबा १६८. चिकू १९३. केळं ३५८. पेरू ४१७. परत वाचा, आंबा १६८ आणि खरबूज २६७. काकांच्या घरात आंबा कपाटात बंद होता आणि खरबुजाचा ढीग पडवीत होता. साखरेच्या बाजूनं ते बरोबरच होतं, आंब्यात शंभर ग्रॅमला जवळपास १४ ग्रॅम साखर आहे, खरबुजात आठ. पोटॅशियमच्या बाजूनं मात्र सगळी उतरंड बदलून जाते आणि ही दुसरी उतरंड त्या घरात कुणी सांगितलेलीच नव्हती. त्यांच्याकडे जो डाएटचा छापील कागद होता, काही वर्षांपूर्वी एका हॉस्पिटलमधून मिळालेला, तो निव्वळ डायबेटिसचा होता आणि त्यात फळांमध्ये लिहिलं होतं, पेरू, पपई, सफरचंद, खरबूज चालेल. तेव्हा किडनी बरी होती, तेव्हा तो कागद बरोबर होता. नंतर किडनी बदलली, कागद फ्रिजवर तोच राहिला.

आता फिकेपणाचं. खरबुजाच्या गरात स्टार्चचा साठा नसतो, म्हणजे केळ्यासारखं तोडून ठेवलं की आत पिष्टाची साखर होते असं इथे होत नाही. साखर वेलावर असताना पानांकडून येते, त्यातली बरीचशी सुक्रोज, आणि ती येते शेवटच्या टप्प्यात. त्या शेवटच्या दिवसांत पान करपलं, रोग आला, फळ लवकर तोडलं तर साखर राहून जाते आणि फळ फिकं लागतं. तोडल्यावर मऊ होईल, वास सुटेल, पण गोडी वाढायची नाही. पोटॅशियमचं असं नाही, ते फळात आधीपासून भरत आलेलं असतं, पेशीत पाणी धरून ठेवायचं कामच ते करतं. आणि त्याला चव म्हणून जिभेला कळेल अशी काही नाही. म्हणजे जिभेनं फिकं म्हणलं, ब्रिक्समीटरनं आठ म्हणलं, ग्लुकोमीटरनं १६८ म्हणलं, हे तिन्ही साखरेबद्दलच बोलत होते. चौथी गोष्ट मोजणारं घरात काही नव्हतंच, ती लॅबमध्येच कळते.

हे मी सांगत होते तेव्हा मुलगा, त्याला मी दादा म्हणते, एकदम म्हणाला, "मॅडम, आम्ही तर शेवटी ०-०-५० सोडतो ड्रिपमधून. पोटॅश. गोडी आणि वजनासाठी. त्यानं झालं का हे?" चेहरा पडला होता त्याचा. मी म्हणलं नाही दादा, तसं नका समजू. खरबुजाला पोटॅश लागतंच, न घालता लावलं तरी वेल जमिनीतून ओढून घेणारच, आणि तक्त्यातले २६७ हे काही तुमच्या शेतातलं फळ मोजून लिहिलेले नाहीत. अमेरिकेत टेक्ससमध्ये खरबुजावर पोटॅशियम फवारून प्रयोग झालेत त्यात साखर, व्हिटॅमिन सी आणि बीटा कॅरोटीन वाढलेलं दिसलं, म्हणजे खाणाऱ्या बहुतेकांसाठी फळ चांगलंच झालं. खताचा दोष नाही यात. ऐकून घेतलं त्यानं पण पूर्ण पटलं असं मला वाटलं नाही, शेतकऱ्याला आपल्या मालानं बापाला त्रास झाला ही गोष्ट आकड्यांनी पटवून देता येत नाही.

मग आम्ही एकादशीच्या दिवसाचा हिशोब मांडला. मी त्यांना घरून एक खरबूज आणायला सांगितलं होतं, साधारण तेवढंच. माझ्या टेबलावर वजनकाटा असतो स्वयंपाकाचा. अख्खं फळ १२२० ग्रॅम. काकूंनीच कापलं, मधल्या बिया आणि तो दोऱ्यादोऱ्याचा लगदा काढला, साल जरा जाड काढली त्यांनी, कारण सालीजवळचा हिरवा भाग काका खात नाहीत. गर उरला ६१० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे निम्मं. तक्त्यातही खरबुजाचा निम्मा भाग वाया जातो असंच धरलेलं आहे. सव्वा किलो ऐकून घाबरायचं नाही तसंच "एकच खरबूज खाल्लं" म्हणून निश्चिंतही व्हायचं नाही.

सहाशे ग्रॅम गर म्हणजे १६०० मिलिग्रॅम पोटॅशियम. दोन शहाळी, प्रत्येकी पाव लिटर पाणी धरलं, शहाळ्याच्या पाण्यात शंभर मिलीला अडीचशेच्या आसपास असतं, म्हणजे १२५०. बटाटा सालीसकट उकडलेला, शंभर ग्रॅमला ३८०. शेंगदाणे पन्नास ग्रॅम, ३५०. ताक दोन ग्लास पातळ, अडीचशे धरू. झाले ३८३०. आणि मीठ. लो सोडियम मीठ म्हणजे काय तर सोडियम क्लोराइड थोडं काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं, आणि पोटॅशियम क्लोराइड एक ग्रॅम म्हणजे त्यात साधारण ५२० मिलिग्रॅम पोटॅशियम. पाकिटावर प्रमाण लिहिलेलं असतं, समजा चौथा हिस्सा धरला आणि दिवसात चार ग्रॅम मीठ पोटात गेलं तर झाले ५२० वरचे. एकूण ४३५०.

काकांच्या डॉक्टरांनी आता जी मर्यादा दिली आहे ती आहे दिवसाला २०००. दुप्पटीच्या वर गेलं. आणि गंमत बघा, निरोगी माणसाला आपल्याकडची शिफारसच ३५०० ची आहे, जागतिक आरोग्य संघटनाही कमीत कमी ३५१० म्हणते. म्हणजे ४३५० हा आकडा निरोगी माणसासाठी घाबरण्यासारखा अजिबात नाही. काकूंनी त्या दिवशी जवळजवळ हेच ताट खाल्लं होतं, उलट एक शहाळं जास्त, आणि त्या दुसऱ्या दिवशी पहाटे उठून सडा घालत होत्या. त्यांचा हाच मुद्दा होता माझ्याशी, की मला का नाही झालं मग?

कारण खाल्लेल्या पोटॅशियमपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास किडनी लघवीतून बाहेर टाकते, बाकीचं शौचावाटे जातं. काकूंची किडनी जास्तीचं उपसून टाकते. काकांची १९ वर चाललेली. त्यात टेल्मिसार्टन, ही गोळी बीपीसाठी आणि किडनी वाचवण्यासाठीच दिलेली आहे, चांगलीच गोळी आहे, पण ती पोटॅशियम धरून ठेवते. त्यात जुनी शुगर, इन्सुलिन कमी पडलं की पोटॅशियम पेशीत जायचं ते रक्तात राहतं, आणि एकादशीला खाणं कमी म्हणून काकांनी सकाळचं इन्सुलिन निम्मंच घेतलं होतं, कुणाला न विचारता. त्यात रक्तात आम्ल वाढलेलं, तेही पोटॅशियम बाहेर ढकलतं. आणि त्यात लोहाच्या गोळीमुळे बद्धकोष्ठ, तीन दिवस पोट साफ नव्हतं. किडनी काम सोडते तसं आतडं पोटॅशियम टाकायचं थोडं काम अंगावर घेतं, त्यामुळे किडनीच्या पेशंटला पोट साफ नसणं ही नुसती गैरसोय नसते. एवढ्या सगळ्या गोष्टी एका दिवशी एका माणसात जमून आल्या.

म्हणून माझं मत विचाराल तर खरबुजानं झालं असं मी लिहिणार नाही, खरबुजाचा वाटा त्या दिवसाच्या पोटॅशियममध्ये एक तृतीयांशाच्या जरा वर आहे, बाकी शहाळं, मीठ आणि फराळ. पण आठवडाभर रोज अर्धं खरबूज चालू होतं, त्यामुळे एकादशी उजाडली तेव्हाच काका काठावर असणार असा माझा अंदाज आहे. महिन्यापूर्वीच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम ५.२ होतंच, कागदावर शेजारी एक छोटी खूण पण होती, घरच्यांनी क्रिएटिनिन वाचलं आणि फाईल बंद केली. बहुतेक घरांत असंच होतं, किडनी म्हणलं की क्रिएटिनिन, शुगर म्हणलं की एचबीएवनसी, बाकीच्या ओळी कुणी वाचत नाही.

बरं, व्हॉट्सअॅपवर "खरबूज किडनी साफ करतं" हा मेसेज काकांच्या फोनमध्ये होता, त्यांनी मला दाखवला, जरा रागानंच. त्या मेसेजमधली माहिती सगळी खोटी नाहीये हीच पंचाईत आहे. खरबुजात पाणी भरपूर, पोटॅशियम भरपूर, सोडियम अगदी कमी, त्यामुळे बीपी असलेल्या पण किडनी ठणठणीत असलेल्या माणसाला हे फळ खरोखर चांगलं, लघवी पण जास्त होते. मूतखड्यावाल्याला पाणी प्या सांगतात तेव्हा असली फळं चालतात. पण किडनीची क्षमता कमी झालेल्या माणसाला तोच मेसेज उलटा पडतो. मेसेज पाठवणाऱ्याला दोघांतला फरक माहीत नसतो आणि मेसेज दोघांनाही जातो.

आता पुढे काय केलं ते. मी खरबूज कायमचं बंद केलं नाही. काही जण या स्टेजला सरळ बंद करतात, त्यांचंही चूक नाही, पण ज्या घरात पडवीत ढीग आहे तिथे पूर्ण बंदी म्हणजे चोरून खाणं, आणि चोरून खाल्लेलं मोजलं जात नाही. काकांचं पोटॅशियम पाचच्या खाली येईपर्यंत काही नाही, नंतर आठवड्यातून दोनदा शंभर ग्रॅम, वजनकाट्यावर. शंभर ग्रॅम म्हणजे किती ते काकूंना तिथेच दाखवलं, दोन बोटांच्या जाडीच्या पाच-सहा फोडी, छोटी वाटी सपाट भरते. काका म्हणाले, "एवढंच? हे तर चाखायला झालं." मी म्हणलं काका, चाखायलाच आहे. ज्या दिवशी खरबूज त्या दिवशी बटाटा, टोमॅटो जास्तीचा, पालक, शहाळं यातलं काही नाही. बाकी दिवशी सफरचंद, अननस, पेर किंवा जांभूळ, एकच फळ, एक वाटी. कलिंगड चालेल का तर शंभर ग्रॅमला ११२ म्हणून चालेल, पण कलिंगड शंभर ग्रॅम कोण खातं? एक मोठी फोड म्हणजे तीनशे ग्रॅम झाली आणि तीनशेला ३३६ झाले, म्हणजे परत खरबुजाच्या पुढे. वाटीनंच मोजायचं.

बटाटा आणि भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकडून पाणी फेकून द्यायचं, त्यानं बरंचसं पोटॅशियम निघून जातं, हे काकूंना लगेच जमलं. सुनेनं विचारलं, खरबूज पण पाण्यात भिजवून ठेवलं तर? ते नको, गर लगदा होईल, व्हिटॅमिन सी जाईल आणि किती पोटॅशियम गेलं ते कळणार नाही. ती माहेरची कोकणातली, तिनं पुढे विचारलं चिबूड चालेल का, आमच्याकडे गणपतीत असतो, गूळ-खोबरं घालून खातात. चिबूड हा खरबुजाचाच भाऊबंद, एकाच जातीचा वेल, म्हणून तोच नियम, शंभर ग्रॅम, आणि गूळ-खोबऱ्याशिवाय, कारण गुळात आणि खोबऱ्यात दोन्हीत पोटॅशियम आहे आणि गुळात साखर वेगळी. तिचं तोंड बारीक झालं. चिबूड गुळाशिवाय म्हणजे काय लागणार हे मलाही माहीत आहे.

बियांचं पण निघालं. काकू खरबूज-कलिंगडाच्या बिया धुऊन पत्र्यावर वाळवतात, सोलून मगज करतात, आणि "ताकद येते" म्हणून काकांना मूठभर द्यायच्या. कलिंगडाच्या सोललेल्या बिया शंभर ग्रॅमला ५५७ कॅलरी, २८ ग्रॅम प्रोटीन, ४७ ग्रॅम फॅट, मॅग्नेशियम ५१५ मिलिग्रॅम. कुणालाही वाटेल वा, सोनं आहे. फॉस्फरस ७५५ मिलिग्रॅम. हे स्टेज चारला नको. एखादा चमचा भाजीच्या ग्रेव्हीत घरातल्या सगळ्यांसाठी पडला तर मी काही म्हणणार नाही, मूठ बंद.

लो सोडियम मीठ त्याच दिवशी बंद, साधं मीठ कमी प्रमाणात. या पाकिटांवर किडनीच्या पेशंटनी डॉक्टरांना विचारून घ्या असं लिहिलेलं असतं, पण अक्षर इतकं बारीक की काकांच्या चष्म्यातून ते दिसणं शक्य नाही, मी माझ्या मोबाईलनं झूम करून वाचलं. टेल्मिसार्टनचा डोस डॉक्टरांनी कमी केला, बंद नाही केला. सोड्याच्या गोळ्या सुरू केल्या आम्लासाठी. पांढरी पावडर काही दिवस. पोट साफ राहण्यासाठी इसबगोल, डॉक्टरांना विचारून, आणि लोहाची गोळी बदलून दिली. उपवासाला इन्सुलिन किती घ्यायचं ते लिहून दिलं त्यांनी वेगळ्या कागदावर.

एक अडचण येणार हे मला दिसत होतं आणि ती आलीच. फळं कमी केली, भाज्या उकडून पाणी फेकलं, त्यामुळे व्हिटॅमिन सी कमी पडणार. खरबूज काकांच्या जेवणात नेमकं तेच देत होतं, आठवडाभर तरी. म्हणून अननस ठेवला, कोबी-सिमला मिरची ठेवली, वरून लिंबू अर्धं पिळायला सांगितलं, अर्ध्या लिंबाच्या रसात पोटॅशियम फार नसतं. सप्लिमेंटची मोठी गोळी सुरू करा असा आग्रह मुलाचा होता, तो मी नाकारला, किडनीच्या पेशंटला व्हिटॅमिन सी चा मोठा डोस ऑक्झलेट वाढवतो.

पुढच्या महिन्यात पोटॅशियम ४.९. क्रिएटिनिन ३.५, म्हणजे तिथेच. काका आता उपवास करतात पण फराळाचं ताट बदललं आहे. त्यात थोडी साबुदाण्याची खिचडी परत आली आहे! साबुदाण्यात पोटॅशियम जवळजवळ नसतंच, शेंगदाण्याचा कूट अगदी थोडा, बटाटा उकडून पाणी काढलेला, वाटी मोजून, आणि त्याप्रमाणे इन्सुलिन. काकूंना हे पचायला सगळ्यात जड गेलं, इतकी वर्षं शुगरवाल्याला साबुदाणा नको हे पाठ केलेलं आणि आता मॅडम खरबूज काढून साबुदाणा देतात. त्यांनी डॉक्टरांकडून परत खात्री करून घेतली, बरं केलं. त्या दिवशी दोन तासांनी शुगर १८८ आली, थोडी जास्त, पण चालवून घेण्यासारखी. दोन्ही बाजू एकाच वेळी शंभर टक्के सांभाळायच्या म्हणलं तर ताटात काही उरत नाही, कुठेतरी थोडी सूट द्यावीच लागते आणि या स्टेजला मी ती साखरेच्या बाजूला देते. दुसरा कुणी आहारतज्ज्ञ उलट करेल, त्यावर चर्चा होऊ शकते.

हातात फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडायचं छोटं ऑपरेशन, करायचं आता ठरलंय, पावसाळ्यानंतर. डायलिसिस सुरू झालं की हा सगळा कागद परत बदलेल, कारण तेव्हा प्रोटीन वाढवावं लागेल आणि लघवी कमी झाली की पाण्याची मर्यादा येईल. खरबूज खायचं झालं तर डायलिसिसच्या जवळपासची वेळ बघून थोडं, तेही त्या युनिटच्या डॉक्टरांना विचारून, आणि शंभर ग्रॅम खाल्लं तर ९० मिली पाणी प्यायलो असं त्या दिवसाच्या वहीत लिहायचं. ती वही सुनेनं आत्ताच घातली आहे.